खंडेनवमीचा साचा

"तुझं राहिलेलं काम करून टाकलो बघ मी," शालूबाई म्हणाल्या आणि हातातलं ओलं फडकं त्यांनी शेडच्या दाराच्या कडीला अडकवलं.

प्रियदर्शनी दारातच उभी होती, राजनंदिनीला कडेवर घेऊन. पोरीचे दात येत होते. सकाळपासून तिच्या कपाळाला कितीदा गाल लावून पाहिला असेल त्याला गणती नव्हती. अंग कोमट लागत होतं. ताप म्हणावा एवढं नव्हतं, आणि नाही म्हणून सोडून द्यावं एवढंही नव्हतं.

"कुठलं काम, आत्या?"

"ते गं, काल तू ब्रशानं झाडत हुतीस ते. नंदू रडली म्हणून अर्धं टाकून पळालीस न्हवं? केवढी वाळू चिकटून राहिलती त्याला! मी लेथ पुसलो, ड्रिलचं मशीन पुसलो. म्हटलं, खंडेनवमीला सगळा कारखाना आंघूळ करून बसलाय आणि माझ्या सुनंचीच वस्तू तेवढी पारोशी कशाला? काढलो घासून. आता उद्या पावण्यांना दाखव ऐटीत."

प्रियदर्शनीनं सासूच्या खांद्यावरून आत पाहिलं, पण मशीनच्या मागचं टेबल दारातून दिसत नव्हतं.

"आत्या, हिला घेऊन ऑफिसात बसता जरा?" ती हळूच म्हणाली. "इथं त्या चिकटवायच्या रेझिनचा वास आहे."

"व्हय, व्हय. चल गं माझी बाय ती." पोरीला छातीशी धरून शालूबाई अंगण ओलांडून गेल्या. त्यांची पाठ वळल्यावरच ती टेबलापाशी गेली.

साचा जागेवरच होता. भाजलेल्या रव्याच्या रंगाचा, हाताला दगडासारखा टणक. वरच्या सपाट अंगावर हळदी-कुंकवाची पाच बोटं उमटलेली आणि मधोमध झेंडूचं एक फूल. आत मात्र, पंपाच्या पोटात पाण्याच्या वाटा राहाव्यात म्हणून वाळूच्याच ज्या वळणदार, नाजूक भिंती मशीननं थरावर थर चढवत काल दिवसभर उभ्या केल्या होत्या, तिथं दात पडलेल्या हिरड्यांसारखं काहीतरी उरलं होतं. टेबलाच्या कडेला ओल्या वाळूचा छोटासा ढीग. तो हातानं नीट गोळा करून ठेवलेला होता. शालूबाईंना पसारा खपायचा नाही.

वाळूच्या साच्याची वाळू पुसून काढली होती.

आधी तिला हसू आलं. खरंच आलं. मग उद्याचे पाहुणे आठवले.

दोष कुणाला द्यायचा? सासरच्या, इंगवल्यांच्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, साचे म्हणजे लोखंडी पेटीत ठोकून भरलेली काळी वाळू. शेंबडं पोरही ते पुसायला जाणार नाही. पण हा साचा पेटीबिटीशिवाय, एखाद्या तयार भांड्यासारखा टेबलावर मांडलेला. वर काल तिला स्वतःला त्यावरची सुटी वाळू ब्रशानं झाडताना शालूबाईंनी पाहिलेलं. कुणालाही वाटलं असतं की आतून काहीतरी चकचकीत निघायचं बाकी आहे.

गेल्या चैत्रात शेडवरून घरात जे रण माजलं होतं त्यातून शेवटी एवढंच निष्पन्न झालं होतं की सासऱ्यांनी, गणपतराव आबांनी, कारखान्याच्या आवारातली लाकडी नमुने ठेवायची जुनी पॅटर्न शेड सेंटरला दिली, पण दसऱ्यापर्यंत. सेंटर म्हणजे शिरोलीतल्या तीन कारखानदारांनी आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजनं मिळून काढलेलं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र. वाळूचे साचे थराथरानं छापणारं मशीन सगळ्यांचं. शेड इंगवल्यांची. आणि ते मशीन चालवणारी, दिवाळीनंतर हातकणंगल्या-गडहिंग्लजकडच्या पोरापोरींना त्यावर शिकवणारी, इंगवल्यांची धाकटी सून. दसऱ्याला या मशीनच्या साच्यात पहिलं ओतकाम करायचं, सगळे भागीदार बघायला येणार, आणि ते बघून आबा काय ते ठरवणार. नाही पटलं तर शेड थोरल्या दिराच्या, उदयसिंहच्या मालासाठी गोदाम, आणि मशीन कॉलेजच्या पुण्याच्या जागेत. मशीन पुण्याला गेलं की प्रियदर्शनीचं संपलं. अंगावर पिणारी पोर घेऊन कोण जातंय पुण्याला!

दसरा उद्या होता. नवा साचा करायला सबंध दिवस लागला असता. आणि आज खंडेनवमी. खंडेनवमीला इंगवल्यांच्या आवारात कुठल्याच मशीनची मोटार फिरत नाही. आजवर कधी फिरलेली नाही.

"हे काय झालं?"

सम्राट, तिचा नवरा, केव्हा मागे येऊन उभा राहिला होता तिला कळलंच नाही. त्याच्या दोन्ही हातांवर झेंडूच्या माळा होत्या.

"माझा धक्का लागला," ती पटकन म्हणाली.

"धक्क्यानं फक्त आतलं तेवढं पडतंय होय? आणि हे ओलं कशानं झालं?" त्यानं वाकून पाहिलं. सरळ झाला तेव्हा त्याची नजर अंगणापलीकडे, भट्टीच्या दाराला आंब्याचे डहाळे बांधणाऱ्या भावाकडे होती. "दादा आलता काय हिकडं सकाळी?"

"सम्राट, नको. असलं काही मनात आणू नकोस."

"शेड कुणाला पाहिजे हे अख्ख्या शिरोलीला ठाऊक आहे."

"अरे, माझं ऐक तरी..."

माळा हातावर तशाच लोंबत ठेवून तो गेला.

*

ऑफिसच्या काचेतून, शेडच्या मोठ्या खिडकीतून, शालूबाईंना आतलं सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं.

सून टेबलापाशी वाकली होती. साच्याच्या आत बोट घालून ती काहीतरी चाचपत होती, दुखऱ्या पोराच्या तोंडात बोट घालून दात कुठं टोचतोय ते बघावं, तशी. मग तिनं तो ओल्या वाळूचा ढीग ओंजळीत घेतला आणि नुसती बघत राहिली.

शालूबाईंनी आपला तळवा पाहिला. रेषांमध्ये वाळू होती. बांगड्यांच्या खालीही. 

ही पोरगी ओरडत नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या महिन्यातच समजलं होतं. काही बिनसलं की तिचा आवाज उलट खाली जातो. मघाशी दारात तो एवढा खाली गेला होता की कान द्यावा लागला. इथं वास आहे म्हणे! वास काय आजचा होता? सकाळपासून त्या त्याच वासात मशीन पुसत होत्या, तेव्हा कुणी त्यांना बाहेर काढलं नव्हतं.

"नंदे," त्या नातीला म्हणाल्या, "तुझ्या आज्जीनं काय करून ठेवलंय गं?"

नंदूनं आज्जीच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली आणि त्यावर नवा दात घासून पाहिला.

सम्राट शेडमधून तरातरा बाहेर पडला. त्याची ती चाल शालूबाईंनी त्याच्या शाळेपासून ओळखून ठेवलेली होती. भांडायला निघाला की माळा हातात आहेत का पुस्तकं, हे त्याला कळत नाही. पोरीला पदरात गुंडाळून त्या उठल्या.

*

"तू शेडमध्ये गेलतास का न्हाई, एवढंच सांग."

"कुठल्या शेडमध्ये?" स्टुलावर उभ्या असलेल्या उदयसिंहनं खाली न बघताच विचारलं.

"दादा, नाटक नको. तिचा साचा मोडलाय."

आता उदयसिंह खाली उतरला. त्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर उद्या येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचं? जेवणाची ऑर्डरसुद्धा देऊन झाली होती. मग भावाच्या तोंडाकडं बघितल्यावर त्याला उलगडलं की हे आपल्याला विचारलं जातंय, आणि कानशिलं तापली.

"मी मोडला म्हणतोस?"

"मी काही म्हणत न्हाई."

"मग माळा घेऊन हितं काय माझं लग्न लावायला आलायस?" उदयसिंहचा आवाज चढला. भट्टीवरचे कामगार पणत्या मांडायचे थांबले. "लेका, मला शेड पायजे हाय. व्हय. आबांच्या तोंडावर मागितलोय. तुझ्या तोंडावर मागितलोय. त्या बिचारीच्या समोर मागितलोय. माझा माल पावसात भिजतोय, मागणारच! पण चोरून जाऊन वाळूच्या वस्तूला हात लावायला मी काय उंदीर हाय?"

"मग कुणी..."

"काय कालवा हाय रं?"

गणपतराव फेटा बांधून, धोतराचा सोगा सावरत आले, तसे दोघे गप्प झाले. कामगारांनी पुन्हा पणत्या हातात घेतल्या, पण कुणी त्या खाली ठेवेना. शेडमधून प्रियदर्शनी जवळजवळ धावतच आली होती.

"आबा, माझ्याकडून मोडला. मी काल नीट ठेवला नव्हता. दादांचा काही संबंध नाही."

"खोटं बोलती ती."

सगळे मागे वळले. ऑफिसच्या पायरीवर शालूबाई उभ्या होत्या. एका हातात नात, दुसरा हात पुढं पसरलेला, तळव्याला वाळू.

"मी पुसलो," त्या म्हणाल्या. "काय मोडलंय ते मला ठाऊक न्हाई. पण वाळू लागलीय म्हणून ओल्या फडक्यानं पुसून काढलो. कुंकू पण लावलो वर. आता मला बोला काय बोलायचं ते. त्या पोरीला न्हाई आणि उदयला पण न्हाई."

मग उदयसिंहच्या नाकातून एक आवाज आला. त्यानं तो खोकला म्हणून खपवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"आई," तो म्हणाला, "वाळूचीच वाळू पुसलीस?"

"आता मला काय सपान पडलं हुतं? तुमचे साचे काळेकुट्ट असत्यात. हा कसा छान लाडवासारखा दिसायला लागलता!"

"लाडू तरी कोण पुसतंय, आई!" सम्राट म्हणाला. भट्टीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रियदर्शनीलाही हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. काय करावं न कळून तिनं सासूच्या हातून पोर घेतली आणि पोरीच्या मानेत तोंड लपवलं.

सम्राट भावाकडं न बघता म्हणाला, "दादा, चुकलं माझं."

"ते संध्याकाळी बघतो तुला. आधी त्या माळा खाली ठेव, फुलं पार चोळामोळा केलीस."

गणपतराव हसले नव्हते. "आता काय करायचं म्हणतीस?" त्यांनी सुनेला विचारलं.

प्रियदर्शनीनं तोंड वर केलं. मागण्यासारखं एकच होतं. ते मागायचं नाही, असं शेडपासून इथवर येताना तिनं ठरवलेलं होतं. पण आता सगळे तिच्याकडे बघत होते आणि नंदू तिचा कान ओढत होती.

"आबा, आत्ता मशीन लावलं तर दिवस मावळेपर्यंत नवा साचा होतोय. रात्रभर वाळला की उद्या ओतता येईल."

"न्हाई."

"आबा..."

"खंडेनवमीला हितं मोटार फिरत न्हाई. दसराच कशाला पायजे? पावण्यांना फोन करा. पुढच्या आठवड्यात या म्हणावं."

"ते पुढच्या आठवड्यात येत नाहीत, आबा. सगळ्यांना एकत्र आणायला कॉलेजच्या सरांना महिने लागलेत. आणि तुम्ही दसऱ्यापर्यंत म्हणाला होता."

"म्हणालतो, तर म्हणालतो."

तेवढ्यात उदयसिंह मध्ये पडला, आणि हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. त्याला स्वतःलाही नसावं. "लावू द्या की, आबा."

"तू?"

"मग! उद्या ओतून तिचं कास्टिंग फसलं, तर मी शेड घेतो, खुशाल घेतो. पण आईनं पुसला म्हणून मला शेड मिळाली, तर जन्मभर हा सम्राट माझ्याकडं असंच बघणार, जसं आत्ता बघितला. मला न्हाई पायजे असली शेड."

*

गणपतराव सगळ्यांकडे पाठ करून भट्टीपाशी जाऊन उभे राहिले.

थोरला धाकटीच्या बाजूनं बोलतोय, हे त्यांनी घरात पहिल्यांदा ऐकलं होतं. ते बरं वाटलं होतं, पण त्यामुळे कायदा बदलत नाही. कायदा त्यांचा नव्हताच. त्यांची आई राधानगरीकडची, भाताच्या चिखलात वाढलेली. उद्यमनगरात भाड्याच्या खोलीत त्यांनी पहिला जुना लेथ आणून बसवला, तेव्हा ती बघायला आली होती. लेथभोवती एक फेरी मारून तिनं एकच विचारलं होतं, "ह्याला बेंदूर कवा?" वर्षभर राबणाऱ्या बैलाला एक दिवस जू चढवत नाहीत. शिंगं रंगवायची, पोळी खायला घालायची, पाया पडायचं. मग ह्याला कवा? गणपतरावांनी जीभ दातांत धरून सांगितलं होतं, खंडेनवमीला. तेव्हापासून खंडेनवमी. ऑर्डरी थांबल्या, गिऱ्हाइकं चिडली, एकदा तर एक मोठं गिऱ्हाईक कायमचं गेलं. पण त्या दिवशी मशीनला हार घातला, की ते बैलासारखं उभं राहायचं.

"अहो."

शालूबाई जवळ येऊन उभ्या होत्या. चारचौघांत त्या नवऱ्याशी सहसा बोलत नसत. कारखान्यात तर कधीच नाही.

"तुम्हाला आठवतंय काय, गावाकडं आपली गवळण म्हैस? बेंदराच्या दिवशी व्याली ती?"

"त्याचं काय हितं?"

"बैलं रंगवून उभी हुती दारात. पुरणाचं ताट आणलंतं मी. आणि तिला कळा सुटल्या. तुम्ही काय म्हणालता तिला, आज बेंदूर हाय, उद्या वी म्हणून?"

गणपतरावांनी धोतराचा सोगा वर ओढला.

"धोतर खोचून गोठ्यात बसलता दिवस बुडंस्तवर. बैलांची पूजा दिवे लागल्यावर झाली. तुमच्या आईनं स्वतः ताट झाकून ठेवलंतं. बैलं काय रागावली न्हाईत." त्यांनी शेडकडं हात केला. "ते लेथबिथ नांगराची बैलं, त्यांना बसवा की आज. पण त्या मशीनच्या पोटात काहीतरी व्हायचं हाय. त्याला कुठं हार घालून उभं करताय?"

"आणि पूजा?"

"पूजा ते मोकळं झाल्यावर सगळ्यांची एकदम. अजून ताट कुठं लावलोय मी?"

"शालू, नऊ दिवस उपास हाय तुझा. आज सुटायचा."

"मी पुसलो न्हवं? मग थांबतो की मी."

गणपतरावांनी भट्टीवरून हात फिरवला. बोटांना काही लागलं नाही. तीही पुसलेली होती, चकचकीत.

"उदय," ते वळून म्हणाले, "कामावरच्या पोरांना मटण-भाकरी वाढून घरला पाठव. त्यांना ताटकळत ठेवू नको. आपण मात्र पूजा झाल्याबिगर कुणी तोंडात काही घालायचं न्हाई. ती बारकी सोडून." मग सुनेला म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस? जा की."

*

मशीन सुरू झालं तेव्हा त्याचा आवाज रिकाम्या आवारात फारच मोठा वाटला. बाकीची सगळी यंत्रं हळदकुंकू न लावता, पण पुसूनबिसून, गप्प बसली होती. हे एकटंच वाळूचा पातळ थर पसरायचं, त्यावर चिकटवण रेघारेघांनी सोडायचं, पुन्हा थर पसरायचं.

प्रियदर्शनीनं वाळूचा हिशेब पुन्हा तपासला, चिकटवणाची टाकी तपासली, काचेचं झाकण दाबून पाहिलं. मग नंदू रडायला लागली आणि छातीत दूध दाटून आलं, तशी ती ऑफिसकडं पळाली. पोरीला पाजताना तिचं लक्ष काचेकडं. मशीनपाशी असली की कान ऑफिसकडं. सेंटर सुरू झाल्यापासून रोज हेच चाललं होतं आणि रोज तिला वाटायचं, यातलं एकही काम आपण धड करत नाही.

परत आली तर मशीनसमोर खुर्ची टाकून आबा बसले होते.

"आबा, इथं वास येतो. बाहेर बसा ना."

"गोठ्यात काय अत्तराचा वास येत हुता?" त्यांनी काचेतून आत बोट दाखवलं. "हे वर चढतंय, का माझे डोळे गेलेत?"

"चढतंय. एका वेळी केसाएवढं."

"केसाएवढं!" ते पुन्हा बघत राहिले. बाहेर उदयसिंहनं काहीतरी लोखंडी फरफटत नेलं, तशी ते दाराकडे वळून दबक्या आवाजात खेकसले, "ए! हळू की रं जरा!"

"आबा, आवाजानं याला काही होत नाही."

"असू दे. सवय बरी न्हवं."

दुपारी गुरुप्रसाद सरांचा फोन आला. कॉलेजकडून सेंटरचं सगळं तेच बघत. "सगळं तयार ना, मॅडम? उद्या आम्ही सकाळीच निघतो."

खोटं बोलायची सगळी तयारी तिनं मनात केलेली होती. पण समोर आबा बसले होते आणि दारात शालूबाई, उपाशी पोटी, चेहरा उतरलेला. "साचा आत्ता मशीनवर आहे, सर. पहिला घरात पुसला गेला."

"पुसला गेला? म्हणजे काय?"

"उद्या या, सविस्तर सांगते. पण एक करूया, सर. शिकायला येणाऱ्या मुलांच्या पहिल्या दिवशी आपण घरच्यांनाही बोलवूया. आईवडलांना, सासूसासऱ्यांना. मशीनमधून काय निघतं, कशाला हात लावायचा, कशाला नाही, ते त्यांनाही दाखवू. नाही तर मुलं शिकतील आणि घरचे दारात उभे राहतील."

सर म्हणाले, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"मला सांगितली असतीस तर मी हात लावलो असतो व्हय?" फोन ठेवल्यावर शालूबाई दारातून म्हणाल्या. रागानं नव्हे.

"नाही सांगितलं, आत्या. मला वाटलं, तुम्हाला कंटाळा येईल."

"मला? अगं, चाळीस वर्षं ह्या माणसाच्या तोंडून लोखंडच ऐकतोय मी. कंटाळा यायचा असता तर केव्हाच माहेरी गेलो असतो."

"जायचं हुतं की," आबा काचेवरून नजर न हलवता म्हणाले.

"तुमचं कोण बघणार हुतं मग?"

ऊन भट्टीच्या छपरामागे गेलं तेव्हा सम्राट आणि उदयसिंह बाहेर कट्ट्यावर एकमेकांशेजारी बसले होते. मधूनच उदयसिंहच्या पोटातून आवाज यायचा आणि सम्राट म्हणायचा, "दादा, भट्टी पेटली काय रं?" आणि उदयसिंह त्याला कोपरानं ढकलायचा. नंदू झोळीत झोपली होती. प्रियदर्शनीनं तिच्या कपाळाला गाल लावून पाहिला. या वेळी अंग गार होतं. तरी खात्री करायला तिनं पुन्हा एकदा लावला.

मशीन थांबलं. 

आबा उठून उभे राहिले. मशीन थांबल्यावर शेडमध्ये एवढी शांतता झाली की बाहेरचे दोघेही आत आले. प्रियदर्शनीनं वाळूत हात घालून साचा मोकळा केला, उचलून टेबलावर ठेवला, सुटी वाळू हलक्या हातानं झाडत गेली. एकेक भिंत वर येत होती. वळण पूर्ण, कडा पूर्ण. शालूबाई हात पाठीमागे धरून पलीकडे उभ्या होत्या, मोहच नको म्हणून.

"या ना, आत्या, जवळ या. बघा."

"हितनंच दिसतंय मला."

"तिथून नाही दिसत." तिनं त्यांचा हात धरून जवळ ओढलं आणि एक बोट साच्याच्या आत, भिंतीला जेमतेम टेकेल असं धरलं. "ही भिंत वाळूची. उद्या हिच्या दोन्ही बाजूंनी लोखंड जाईल. नंतर ही झडून जाईल आणि जिथं ही आहे, तिथनं पाणी जाईल."

"म्हंजे ही जाण्यासाठीच हाय?"

"हो. पण उद्या. आज नाही."

शालूबाई बोट तसंच ठेवून बराच वेळ बघत राहिल्या. "मी आपलं एक दिवस आधी काढलो," त्या शेवटी म्हणाल्या. आणि आबा, जे दिवसभर हसले नव्हते, ते एवढे हसले की फेटा सावरावा लागला.

पूजा झाली. सगळ्या यंत्रांना एकदमच हळदकुंकू लागलं. नव्या मशीनला आबांनी स्वतः हार घातला आणि नारळ दूर, अंगणात फोडायला लावला. शेडमध्येच चटई टाकून पंगत बसली. दुपारचं मटण पुन्हा गरम करून आणलेलं, रश्शाचा वास रेझिनच्या वासावर चढला होता. आबांनी पातेल्यातला डाव आपल्या हातात घेतला आणि पहिलं ताट शालूबाईंना वाढलं. उदयसिंह आणि सम्राट एकमेकांकडे बघत राहिले. शालूबाईंनी मान वर केलीच नाही. त्या जेवायला लागल्या.

थोडा वेळ नुसता भाकरी मोडल्याचा आवाज.

"पुढच्या वर्षी असलं चालायचं न्हाई," आबा म्हणाले.

उदयसिंहचा घास हातातच राहिला. "पुढच्या वर्षी? आबा, उद्याचं कास्टिंग अजून निघायचंय."

"निघंल, न्हाईतर फसंल. आपली पहिली काय सगळी धड निघाली हुती? तुझा माल भट्टीच्या मागं लाव. वर पत्रा मारून देतो."

प्रियदर्शनीच्या मांडीवर नंदू जागी झाली होती आणि तिच्या ताटाकडे झेपावत होती. पोरीला आवरायचंही तिला सुचलं नाही. आबा तिच्याकडेच बघत होते.

"ऐकलंस काय? आदल्या दिवशी दोन साचे करून ठेवायचे," ते म्हणाले. "एक ओतायला आणि एक ह्या तुझ्या आत्याला पुसायला."